रेंज दोन हात

उन्हाळा आला हे मला माझ्या नखांवरून कळतं. आमच्या बियाणे प्लांटात पेरणीआधीचे तीन महिने बियांना औषध चोळायचं काम चालतं, आणि त्या औषधाचा गुलाबी रंग कितीही साबण लावला तरी नखांच्या कडेला राहतोच. मी खरं तर उगवण चाचणीच्या खोलीत बसते, पण सीझनमध्ये कोण कुठे बसतो याला अर्थ नसतो, सगळ्यांचे हात सगळीकडे लागतात. यंदाही चैत्र लागता लागता नखं गुलाबी झाली. जालन्याहून पॅसेंजरने बदनापूरला उतरले, घराकडे चालताना नखांकडे लक्ष गेलं, आणि मनाशी म्हटलं, आला उन्हाळा. त्यापुढे काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ही तक्रार समजू नका. पौष महिन्यात एका सकाळी आमच्या ह्यांनी अंघोळीचं पाणी तापत ठेवलं, तेवढ्यात ऊन खावं म्हणून अंगणातल्या खुर्चीत बसले, आणि बसलेच. चुलीवरचं पाणी आटून अर्धं झालं. तेव्हापासून मी वेळेवर जेवते, कामाला जाते, वीजबिल भरते, मोसंबीच्या झाडाला पाणी सोडते. रडू तेवढं येत नाही. ते गेल्यानंतरच्या जलदानाच्या विधीला आलेल्या माणसांना मी स्वतःच पाण्याचे तांबे देत फिरत होते. शेवटी नणंदेने दंडाला धरून बसवलं. म्हणाली, "वहिनी, बसा. रडा तरी जरासं." मी बसले. पण सुरुवात कशी करतात तेच आठवेना, म्हणून पुन्हा उठले.

हात बराच वेळ थंड पाण्यात राहिला की बोटं आपलीच असतात पण कुणीतरी दिलेली वाटतात. तसं आहे हे. दुखत नाही, त्यामुळे लोकांना सांगताही येत नाही.

सुजाता, आमची एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरी करते. चैत्रातच तिचा फोन आला. वैशाख पौर्णिमेला चार दिवस येणार म्हणाली. मग विचारलं, "पप्पांचं इंजिन चालतंय का?"

"काय माहीत. कपाटावर आहे."

"तू एकदा पण काढून बघितलं नाहीस?"

"नाही."

मग ती म्हणाली, "तुला काहीच वाटत न्हाई का गं, आई?" पुण्यात जाऊन तिची बोली धुऊन निघाली आहे, पण चिडली की तिचं "न्हाई" परत येतं. मी म्हटलं, "झाडाला पाणी सोडलंय, बघून येते," आणि फोन ठेवला. झाडाला पाणी सोडलेलं नव्हतं. तिचा प्रश्न खोटा असता तर मी भांडले असते. पण तोच प्रश्न मीही स्वतःला विचारत होते. पोरगी येईल, चार दिवस राहील, आणि आपली आई आतून संपली असं समजून परत जाईल, एवढंच दिसत होतं.

मी इंजिन कपाटावरून खाली काढलं.

ते इंजिन तिनेच पाठवलेलं, मागच्या चैत्रात. आमच्या स्टेशनावर रुळांच्या डोक्यावर विजेच्या तारा आल्या आणि डिझेलची इंजिनं दिसेनाशी होत गेली, तेव्हा हे फार हिरमुसले होते. जालना एमआयडीसीत लोखंडाच्या सळया ओढणाऱ्या मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं फिटर असलेला माणूस; दिवसभर कानाशी एवढा खडखडाट असून घरी आल्यावर यांना डिझेल इंजिनाचा आवाज हवा असायचा. "गाडीचा आवाजच गेला की," असं दोन-चारदा फोनवर म्हणाले असतील. तर पोरीने रिमोटवर चालणारं डिझेलचं मॉडेल पाठवलं, हातभर लांब, पोटात चार्जिंगची बॅटरी. आवाजही करायचं. यांनी खोक्यातून काढून ते असं फिरवून फिरवून पाहिलं, जसे एखाद्याने बाळाचे हातपाय मोजावेत.

मी कणीक मळत होते. सहज बोलून गेले, "जन्म गेला जालन्याच्या लोखंडात, आणि घरी इंजन आणलं ते प्लास्टिकचं!"

माझा स्वभावच असा आहे, बोलताना मी कुणाला सोडत नाही. ते हसले. पण आठ दिवस मिलमधून येताना पिशवीत पत्र्याचे तुकडे येत राहिले. रविवारी अंगणात बसून कापणं, वाकवणं, झाळणं, कानशीने घासणं. इंजिनाची प्लास्टिकची बॉडी काढून त्यांनी तिच्या मापाची पत्र्याची बॉडी बनवली. खिडक्यांच्या चौकटी बोटभर, छप्पर सलग, कुठे सांधा दिसायचा नाही. वर निळा रंग. ती चढवली तेव्हा मी ओल्या हाताने छपरावरून हात फिरवला आणि म्हटलं, "हां. आता वाटतंय इंजन." मी कुणाचं कौतुक क्वचितच करते, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात आहे. प्लास्टिकची बॉडी उलटी करून मी त्यात कपड्यांचे चिमटे ठेवायला लागले.

रूळ मिलमधल्या रिजेक्ट सळीचे. स्वयंपाकघराच्या दारापासून निघून हौदाच्या कडेने, मोसंबीला वळसा घालून, कपडे वाळत घालायच्या दोरीखालून परत दारात. चारचौघांना दाखवावं असं काम होतं. पहिल्या संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं, हे खुर्चीत बसले, रिमोटचं बटण दाबलं. इंजिन घुर्र करून सुटलं आणि दोन हात जाऊन थांबलं.

ते उठले. जवळ जाऊन बटण दाबलं. चाललं. पुन्हा थांबलं. ते दोन पावलं पुढे गेले. चाललं. असं करत करत त्यांनी अख्खा फेरा पूर्ण केला, इंजिन पुढे आणि हे रिमोट धरून त्याच्या मागे.

"रिमोट आहे का कासरा?" मी दारातून विचारलं.

सुजाताने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि तिचं तोंडच उतरलं. "पप्पा, खराब पीस आलाय. परत करू, ते बदलून देतात."

"राहू दे. चालून राह्यलं की बराबर."

"अहो, मागं मागं फिरावं लागतंय तुम्हाला!"

"मंग काय झालं? पाय मोकळे होऊन राह्यले."

तिला ते लागलं होतं. पहिल्यांदा बापाला मनासारखं काही दिलं आणि ते खराब निघालं, हे तिने नंतर मला तीन-चार वेळा बोलून दाखवलं. बापाने मात्र विषय कधी वाढू दिला नाही.

त्या उन्हाळ्याचं ऊन मला आठवत नाही, संध्याकाळ आठवते. ओल्या मातीचा वास, त्यात मोसंबीच्या पानांचा किंचित कडू वास, शेजारच्या कूलरमधून येणारा वाळ्याचा. झाडावर गोट्यांएवढी हिरवी फळं. यांच्या बनियनला ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोकं, आणि कपडे धुताना बादलीच्या तळाशी बसणारा काळा लोखंडी कीस. आता माझी बादली तळाशी स्वच्छच असते, तरी मी ती सवयीने दोनदा खळबळते.

त्या उन्हाळ्याआधी आमचा संसार दारावरच्या चिठ्ठ्यांवर चालायचा. यांची रात्रपाळी, माझा दिवस. मी निघायच्या वेळी ते यायचे, ते निघायच्या वेळी मी. "भाजी झाकली आहे." "गॅस संपत आलाय." "सुजाताच्या शाळेत सही पाहिजे." वर्षानुवर्षं अशी गेली आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या वर्षी डोळ्यांचा त्रास सुरू झाला म्हणून मिलने यांना दिवसपाळी दिली, आणि संध्याकाळी सहा वाजता घरात अचानक दोन माणसं झाली. काय बोलायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जास्तीची कामं काढायची. ते टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायचे.

इंजिन चालू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन अंगणात गेले. हे थांबायला तयार नाहीत. थांबलं तर इंजिन पुढे निघून जाईल आणि मग हौदामागे बंद पडेल, म्हणे. "चालता चालता दे." म्हणून मी कप धरून बरोबर चालले. ते एक घोट घ्यायचे, कप मला द्यायचे, बटण दाबायचे. तिसऱ्या दिवशी मी माझाही कप आणला. आठवड्याने कप घरात ठेवून नुसतीच गेले.

फार मोठं काही बोललो नाही आम्ही. पण वर्तुळात चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्याचा फायदा होतो. त्यांचं लहानपण अंकुशनगरला गेलं हे मला ठाऊक होतं. वडील बैलगाडीने कारखान्यावर ऊस वाहायचे. पण यांना बैलांची भीती वाटायची, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन त्या अंगणात कळलं. "बाप म्हणायचा, गाडीवर बस. मी न्हाई बसायचो. मागनं चालायचो, कारखान्यापोहोत. कुणाला सांगितलं न्हाई कधी."

"मला काहून सांगून राह्यले मंग?"

"तू विचारलंस न्हाई म्हणून," असं काहीतरी ते म्हणाले आणि बटण दाबलं.

मीही सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. जून लागला, पावसाने अंगणात चिखल झाला, इंजिन आत गेलं. दिवाळीनंतर पुन्हा काढू म्हणाले. दिवाळीनंतर मिलमध्ये काम वाढलं. मग पौष आला.

तर यंदा मी ते खाली काढलं आणि ठरवलं, सुजाता यायच्या आत याचा बिघाड शोधायचा. तिने खुर्चीत बसून बटण दाबलं की इंजिन अख्खा फेरा मारून परत तिच्या पायाशी आलं पाहिजे. तिच्या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मला यंत्रातलं कळत नाही, चाचणीतलं कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी इंजिनाची बॅटरी पूर्ण चार्ज केली. अंगणात चुन्याने रेघा मारल्या, हाताहाताच्या अंतरावर. इंजिन दोन हात. रिमोटचे सेल नवे घातले. दोन हात. सेल बसतात त्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या. दोन हात. कूलर बंद केला, फ्रिज बंद केला, शेजारणीला सांगून तिचा इन्व्हर्टर बंद करायला लावला, तिने "बरं आहे ना तुमचं?" अशा नजरेने बघितलं. दोन हात. हौदावरचा पत्रा उचलून गल्लीत नेऊन ठेवला. दोन हात. चाकांत अडकलेले केस काढले, रूळ पुसले, रिमोट उंच धरला, आडवा धरला. वहीचं पान भरलं आणि प्रत्येक ओळीपुढे दोन हात.

एकच गोष्ट केली नाही, इंजिन उघडलं नाही. खाली चार स्क्रू होते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन दोनदा बसले आणि दोनदा उठले. भीती वगैरे नव्हती. नकोसं वाटलं, इतकंच.

प्लांटात आम्ही शंभर बिया ओल्या कागदात ओळीने मांडतो, गुंडाळी करतो, कपाटात ठेवतो आणि सात-आठ दिवसांनी उघडून मोजतो. नीट उगवलेली, वेडीवाकडी, मेलेली. भेंडीत आणखी एक रकाना असतो, कडक बी. ते कागदात जसं ठेवलं तसंच असतं. कुजत नाही, फुगत नाही. मेलेल्यात ते धरायचं नसतं, कारण ते जिवंत आहे, फक्त साल एवढी घट्ट की पाणी आत जात नाही. मी हे नव्या मुलींना दरवर्षी शिकवते. यंदा शिकवताना मध्येच थांबले आणि एकीने विचारलं, "मॅडम, पुढं?" मी पुढं सांगितलं.

पौर्णिमेला चार दिवस उरले तेव्हा रफिकभाईंना बोलावलं. स्टेशन रोडला त्यांचं मोबाईल आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. यांचे जुने दोस्त, यांना मिस्त्री म्हणायचे. ते अंगणात आले, यांच्या खुर्चीकडे बघितलं आणि खाली ओट्यावर बसले. मी माझी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी सगळी ओळीने वाचली.

"भाभी, इतकं तर कंपनीवाले पण करत न्हाईत. फक्त खोललं न्हाई?"

"नाही."

त्यांनी चार स्क्रू काढले. निळी बॉडी उचलून बाजूला ठेवली. आत बघितलं, वायरी बोटाने हलवल्या, चाक फिरवलं. मग बॉडी न चढवता तसंच उघडं इंजिन रुळावर ठेवलं, रिमोट घेऊन गेटपर्यंत गेले, गेटच्या बाहेर गेले आणि गल्लीतून बटण दाबलं. इंजिन सुटलं. हौद, झाड, दोरी, सगळं ओलांडून दारात आलं. थांबलं नाही. दुसऱ्या फेऱ्याला निघालं.

मी खांबाला धरून उभी होते. जमलं, असं मनात म्हटलं. पण आनंद असा झाला नाही.

"पीस एक नंबर आहे," रफिकभाई आत येत म्हणाले. "रिमोट बराबर, रिसीव्हर बराबर. त्याची एरियलची वायर आतमधी गुंडाळून टाकली, आणि वरून लोखंडाचा डबा. सिग्नल जाईल कुठून? असली बॉडी किधर है?"

"चिमट्यांचा डबा आहे तो."

ते मोठ्याने हसले. मलाही हसू फुटलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून मी गप्प झाले.

"पण एक बात समजली न्हाई," ते म्हणाले. "मिस्त्रीला हे मालूम कसं न्हाई? मिलच्या शेडमधी मोबाईलला रेंज येत न्हाई, सगळीकडनं पत्रा. मला फोन करायचा तर रोज शेडच्या बाहेर येऊन करायचा. त्याला हे समजलं न्हाई, असं होतंय का?" मग पिशवीतून त्यांनी हातातलं छोटं ड्रिल काढलं. "जाऊ द्या. छपराला एक भोक पाडतो, वायर बाहेर काढतो. पाच मिनटाचं काम. बॉडी द्या."

मी बॉडी उचलली. भोक कुठे पाडायचं ते आतून बघावं म्हणून उलटी केली.

आत रंग नव्हता, कोरा पत्रा होता. त्यावर खडूने नव्हे, मिलमध्ये लोखंडावर खुणा करायचं पांढरं मार्कर असतं, त्याने लिहिलेलं होतं. यांचं अक्षर. मिलच्या दुरुस्तीच्या रजिस्टरात फिटर लोक जसं तीन रकान्यांत लिहितात, तसंच, खाली सहीसकट.

बिघाड : रेंज दोन हात.
कारण : पत्र्याची बॉडी.
उपाय : करायचा नाही.

मी ते तीनदा वाचलं. पहिली ओळ माझ्या वहीत होती, दुसरी रफिकभाईंनी आत्ताच सांगितली होती. तिसरीकडे बघत बसले. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक बिघाडापुढे उपाय लिहिला, त्याने हे लिहिलं होतं. आणि मला ती संध्याकाळ आठवली, चालता चालता दे म्हणाले होते ती. इंजिन दूरवर गेलं असतं तर ते खुर्चीत बसले असते, मी चहा देऊन आत गेले असते, आणि कुकरची शिट्टी झाली असती.

"करू का भोक?" रफिकभाईंनी विचारलं.

"नको."

"मंग प्लास्टिकची चढवतो."

"नको. त्यात चिमटे आहेत."

त्यांनी माझ्या हातातली बॉडी घेतली नाही, पण वाकून आत बघितलं. वाचलं. ड्रिल पिशवीत ठेवलं आणि चहा न घेताच गेले. जाताना गेट त्यांनी फार हळू लावलं.

मी बॉडी चढवून स्क्रू घट्ट केले आणि एकटीच इंजिनामागे चालले. एक फेरा, दोन फेरे. तिसऱ्या फेऱ्याला माझ्या लक्षात आलं की मी रुळाच्या डाव्या बाजूने, जवळजवळ हौदाला घासून चालते आहे. उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. जागा मोकळी होती, तरी मला तिकडे सरकता आलं नाही. तेव्हाही रडू आलं नाही. पाय दुखले म्हणून थांबले.

वैशाख पौर्णिमेला सुजाता आली. सकाळी विहारात वंदनेला गेलो, दोघी पांढऱ्या साड्यांत. दुपारी खीर केली. संध्याकाळी मी अंगणात पाणी शिंपडलं, इंजिन रुळावर ठेवलं आणि रिमोट तिच्या हातात दिला. ती बापाच्या खुर्चीत बसली. बटण दाबलं. इंजिन दोन हात जाऊन थांबलं.

तिने रिमोट मांडीवर ठेवला. "खराबच पीस दिला ना मी त्यांना," ती म्हणाली. "शेवटपर्यंत मागं मागं फिरले बिचारे."

मी स्क्रू काढले, बॉडी उलटी करून तिच्या मांडीवर दिली. तिने वाचलं. समजायला तिला वेळ लागला नाही; त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं एकत्र फिरतो म्हणून फोनवर तीच आम्हाला चिडवायची. तिने मान खाली घातली. पत्र्यावर टपकन थेंब पडला, तो तिने पदराने पुसला, अक्षरं पुसली जाणार नाहीत अशा बेताने. मग म्हणाली, "स्क्रू ड्रायव्हर दे."

तिने स्वतःच बॉडी चढवली. चारी स्क्रू आवळले. उठली, रिमोट घेतला आणि इंजिनामागे जाऊन उभी राहिली, रुळाच्या उजवीकडे. "चल," म्हणाली.

आम्ही चाललो. ती बटण दाबायची, इंजिन घुरघुरत पुढे जायचं, आम्ही दोन हात मागे. हौद, मोसंबी, दोरीवरचे कपडे. दुसऱ्या फेऱ्यात हौदापाशी तिने माझ्याकडे बघितलं आणि थांबली.

"आई," ती म्हणाली, "तू रडून राह्यलीस."

मी म्हटलं, "पुढं बघ. इंजन थांबंल."